छर्र्याच्या रायफलीला नवा दस्ता : काजळ लावून लोखंड लाकडात बसवण्याची रीत

माझा पहिला दस्ता एका दुपारीत कोरून झाला होता. सागवानाचा तुकडा, ड्रिल, पटाशी आणि भरपूर उत्साह. संध्याकाळी रायफलीचा सिलिंडर (स्प्रिंग आणि पिस्टन असलेली जाड नळी) खोबणीत ठेवला तर तो आत डुगडुगत होता. स्क्रू आवळले की डुगडुग थांबायची, दहा छर्रे मारले की पुन्हा सुरू. दहा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात बसवणारी रायफल नव्या दस्त्यात चहाच्या बशीएवढी पसरायला लागली. रायफल तीच, छर्रे तेच, हातही तोच. फक्त लोखंड लाकडात नीट बसलं नव्हतं.

ज्यांनी आजवर एकही दस्ता कोरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. समोर धरली आहे ती नळी मोडून (म्हणजे सांध्यात खाली वाकवून) भरायची, स्प्रिंगवर चालणारी ४.५ मिलिमीटरची छर्र्याची रायफल. ही निवड मुद्दाम केली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बारुदी बंदुकीची दुरुस्ती हेसुद्धा परवान्याचं काम आहे. घरात आजोबांची बारा बोअर असेल आणि तिचा दस्ता चिरला असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्यायची. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंत (तेच आपलं ४.५ मिमी) बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली हवेची बंदूक मात्र परवान्याशिवाय ठेवता येते. खरेदीची पावती जपून ठेवा आणि आपली बंदूक या मर्यादेत बसते ना, हे आधी पाहून घ्या. आपण करणार आहोत ते निव्वळ लाकूडकाम. स्प्रिंग, पिस्टन आणि चापाची यंत्रणा उघडायची नाही.

आधी बोटं सांभाळा

जुना दस्ता काढण्यापूर्वी नळी मोडून आत छर्रा नाही ना, हे डोळ्यांनी बघा. रायफल ताणलेली, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवलेली, नाही याची खात्री करा. ताणलेली असेल तर सुरक्षित ठिकाणी, लक्ष्याकडे तोंड करून, छर्रा घालून झाडून टाका आणि मगच स्क्रूला हात घाला.

दस्त्याबाहेर काढलेली अ‍ॅक्शन (नळी, सिलिंडर आणि चाप मिळून होणारा लोखंडी भाग) कधीही ताणू नका. ताणलेल्या अवस्थेत, नळी मोडलेली असताना चाप सुटला, तर नळी फटकन वर येते आणि मध्ये सापडलेलं बोट चेचतं. दस्ता नसताना तर रायफल धरायला नीट जागाच नसते. पुढे बसवणीच्या कामात अ‍ॅक्शन शंभरदा हातात येईल, पण एकदाही ताणायची गरज पडणार नाही. नळीसोबत फिरून स्प्रिंग दाबणारी दांडी कुठे घासते ते तपासायला रायफल ताणावी लागेल, ती सगळे स्क्रू आवळून झाल्यावरच.

हे लोखंड हलतं कसं

चाप ओढला की दाबून ठेवलेली स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते. पिस्टन पुढे जातो म्हणून बंदूक मागे येते. मग पिस्टनच्या पुढ्यात कोंडलेली हवा उशीसारखी घट्ट होते, पिस्टन तिच्यावर थडकतो आणि बंदूक उलट पुढे झटका खाते. बारुदी रायफल खांद्याकडे एकदा ढकलते, ही मागे आणि पुढे दोन्हीकडे हिसडते. मोठ्या बारुदी रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेल्या दुर्बिणीही म्हणूनच स्प्रिंगच्या रायफलीवर कधीकधी खिळखिळ्या होतात.

बारुदी रायफलीत या धक्क्यासाठी वेगळी सोय असते. १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीच्या पोटाखाली एक चौकोनी लोखंडी ठोकळा आहे. तो लाकडातल्या खाचेच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि सगळा धक्का तिथे घेतो. ती भिंत नीट टेकली नाही, तर धक्का मागच्या निमुळत्या शेपटीवर जातो आणि ती पाचरीसारखी शिरून दस्ता उभा चिरते. आपल्याकडच्या इशापूरच्या कारखान्यातल्या ली-एनफिल्ड रायफली पाहिल्यात तर दस्त्यातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू दिसेल. लाकूड फाटू नये म्हणून घातलेला तो टाका आहे, आणि जगभरचे जाणकार त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात.

आपल्या छर्र्याच्या रायफलीला असा ठोकळा बहुधा नसतो. पुढचे दोन बाजूचे स्क्रू, चापाच्या गार्डचे (चापाभोवतीच्या कडीचे) एक-दोन स्क्रू आणि सिलिंडरला खालून मिळालेला लाकडाचा आधार, एवढ्यावर तिची भिस्त. त्यातला आधार कच्चा राहिला की प्रत्येक हिसडा एकट्या स्क्रूंवर येतो, त्यांची भोकं रुंदावतात आणि रायफल प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते. माझ्या पहिल्या दस्त्याचं हेच झालं होतं.

लाकूड

जगात नामांकित दस्ते अक्रोडाचे. साधारण ६५० किलो घनमीटरला, म्हणजे फार जड नाही. कापायला गुळगुळीत, चिवट, आणि बारीक काम धरून ठेवणारं. परदेशी हवेच्या रायफली बऱ्याचदा बीचच्या लाकडात येतात. आपल्याला सहज मिळतं ते सागवान. वजनाला अक्रोडाएवढंच, हवेतल्या ओलाव्याने कमी फुगणारं, वाळवी सहसा न लागणारं. त्याचे दोन दोष लक्षात ठेवा : त्यात सिलिका असते म्हणून पटाशीची धार लवकर जाते, आणि ते तेलकट असतं म्हणून एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं. शिसव देखणी आणि कणखर, पण जड, आणि नवशिक्याच्या हाताला कडक. पहिल्या दस्त्याला नको.

पुण्याकोल्हापुरात जुने वाडे पाडले जातात तेव्हा चौकटींचं आणि तुळयांचं सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत येतं. माझा दुसरा दस्ता अशाच एका चौकटीतून निघाला. पिढ्यान् पिढ्या मुरलेलं लाकूड आता फारसं हलत नाही. मात्र लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा. एक खिळा पटाशीची तासाभराची धार एका घावात घालवतो.

नवं लाकूड घेतलंत तर ते मुरलंय का, हे ओळखायला एक सोपा उपाय आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड तुमच्या घरातल्या हवेशी जुळलं. कोकणात राहत असाल तर ऐन पावसाळ्यात कोरायला घेऊ नका. जुलैत घट्ट बसवलेली खोबण मार्चमध्ये सैल झालेली मी पाहिली आहे. लाकूड फुगतं-आकसतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच.

तुकडा निवडताना सगळ्यात आधी मनगटाची जागा बघा. चापाच्या मागे जिथे आपण मूठ वळतो, तिथे दस्ता सर्वांत बारीक होतो. लाकडाच्या रेघा तिथे मुठीच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. आडव्या-तिरक्या कापल्या गेल्या तर रायफल एकदा हातातून पडली की दस्ता तिथेच मोडतो. बाकी ठिकाणची एखादी गाठ चालेल, इथली नाही. जुना दस्ता तुकड्यावर ठेवून, फिरवून, रेघ जुळेपर्यंत जागा बदला. चारही बाजूंना किमान १० मिमी लाकूड जास्त धरा.

हत्यारं

६ आणि १२ मिमीची सपाट पटाशी, एक गोल पटाशी, लाकडी मोगरी, ड्रिल (स्टँडला लावता आलं तर उत्तम), व्हर्नियर, गुण्या, मार्किंग गेज, वाईस, बारीक कानस. याशिवाय एक घरगुती खरवडणी लागेल. सिलिंडरच्या व्यासापेक्षा किंचित लहान असा जाड वॉशर शोधा, त्याची कड कानशीने काटकोनात धारदार करा आणि लांब बोल्टवर दोन नटांमध्ये आवळून टाका. गोल खोबणीचा तळ खरवडायला याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही.

धार कशी हवी, तर मनगटावरचा केस उडेल अशी. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, दाबते. दाबलेलं लाकूड पुढे ओलाव्याने फुगून वर येतं आणि तुमची बसवणी बिघडवते. दर अर्ध्या तासाने काम थांबवून धारेच्या दगडावर चार हात मारा.

मध्यरेषा आणि चौकोनी ठोकळा

नवशिक्याचा हात पहिल्यांदा वळतो तो बाहेरचा आकार कापण्याकडे, कारण दस्ता 'दिसायला' लागतो. तसं करू नका. आतली सगळी खोदाई होईपर्यंत ठोकळा चौकोनी ठेवा. चौकोनी ठोकळा वाईसमध्ये सरळ धरता येतो, गुण्या लावता येतो, ड्रिल काटकोनात उतरतं. बाहेरून गोलाई दिली की हे सगळं संपलं.

ठोकळ्याची वरची बाजू रंध्याने सपाट करा. तिच्यावर आणि दोन्ही टोकांवरून खालपर्यंत एक मध्यरेषा ओढा, तीही धारदार सुरीने. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये सगळा वाद असतो. पुढचं प्रत्येक माप याच रेषेपासून घ्यायचं, कडेपासून कधीच नाही.

खोबण खणणं

सिलिंडरचा व्यास तीन ठिकाणी मोजा. समजा ३० मिमी आला, तर खोबण जास्तीत जास्त १५ मिमी खोल. खोबणीच्या कडा सिलिंडरच्या मध्यापेक्षा वर गेल्या तर तो वरून आत उतरणारच नाही, जबरदस्ती केलीत तर कडा उडतील.

कच्ची खोदाई मापापेक्षा कमी करा. रुंदीला दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर आणि खोलीला दीड-दोन मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवा. राउटर असेल तर दोन-तीन पायऱ्यांमध्ये कच्चं काम करून घ्या, नाहीतर गोल पटाशीने लहान ढलप्या काढत जा. रेघ उलटी लागली की पटाशी लाकडात घुसायला लागते. लगेच दुसऱ्या टोकाकडून काम करा.

मग मागचा चापाचा भाग. तो सिलिंडरखाली लोंबतो, त्याला वरून खालपर्यंत आरपार चौकोनी खाच लागते. चारही कोपऱ्यांना ६ मिमीचं भोक पाडून मधलं लाकूड पटाशीने काढा. इथेही एक मिलिमीटर राखून. पुढे नळीचा सांधा ज्या दोन पाख्यांमध्ये बसतो, त्याची जागा सपाट भिंतींची असते. ती मापाच्या सगळ्यात जवळ ठेवा, कारण बाजूचे स्क्रू तिथेच ओढणार आहेत.

काजळ

या कामाचा जीव इथे आहे.

आमच्या गल्लीतले सुतारमामा कुऱ्हाडीचा दांडा नेढ्यात बसवताना नेढ्याला आतून काजळ फिरवायचे, दांडा आत ठोकून बाहेर काढायचे आणि जिथे काळं उमटलं तिथेच रंधा लावायचे. डुगडुगणारा दस्ता घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन फक्त आतून बघितला. म्हणाले, "काळं लागलं तेवढंच काढ. पांढरं राहिलं त्याला हात लावू नकोस, बाळा." युरोपातले बंदूक-कारागीर रॉकेलच्या दिव्याची काजळी लोखंडावर धरून अगदी हेच करत आले आहेत. मामांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बाजारात मशीनकामाचा निळा मार्किंगचा रंग मिळतो, तोही चालतो. फक्त तो लाकडात खोल जातो आणि कपड्यांवरून निघत नाही. मी काजळच वापरतो. पणतीत एरंडेल तेल आणि जाड वात, वर दोन विटांच्या आधाराने पालथी घातलेली पितळी ताटली. तासाभरात पुरेशी काजळी जमते. ती खरवडून मशीनच्या तेलाच्या चार-सहा थेंबांत कालवा.

लावताना हात आखडता ठेवा. जुन्या दात घासायच्या ब्रशने टोकं टेकवत लोखंडावर इतका पातळ थर द्या की ते काळं नव्हे, राखाडी दिसेल. जाड थर खोटं बोलतो, न टेकलेल्या जागीही काळं उमटवतो.

आता अ‍ॅक्शन दरवेळी त्याच वाटेने खाली उतरली पाहिजे. चापाच्या गार्डच्या स्क्रूसारखेच आटे असलेले दोन लांब बोल्ट घ्या, त्यांची डोकी कापा आणि ते अ‍ॅक्शनमध्ये खालून फिरवून बसवा. स्क्रू एकच असेल तर एकच बोल्ट, आणि पुढची दिशा मध्यरेषेवर डोळा ठेवून सांभाळा. दस्त्यात त्यांच्यासाठी स्टँडच्या ड्रिलने सरळ भोकं पाडली असतील, तर अ‍ॅक्शन रुळावरून उतरावी तशी उतरते.

उतरवा. वरून मोगरीने दोन हलके टोले द्या. सरळ वर उचला, एका टोकाकडून उकरू नका. आणि आता उजेडात आत बघा.

तीन प्रकारच्या खुणा दिसतील. छोटा, गडद, कडा स्पष्ट असलेला ठिपका, ही लोखंड खरंच टेकल्याची खूण, ही काढायची. मध्ये फिकट आणि भोवती काळं कडं दिसलं, तर लोखंड तिथे इतकं दाबून टेकलंय की रंग बाजूला ढकलला गेला. तो सर्वांत उंच बिंदू, आधी तोच. आणि भिंतीवरून वर-खाली ओढल्यासारखा फराटा हा आत-बाहेर करताना लागलेला असतो. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच आला तर मग हलका हात फिरवा.

खरवडणीने फक्त त्या खुणा उडवा. एका वेळी निघतो तो भुसा चिमटीतल्या हळदीएवढा. पुन्हा काजळ सारखं करा, पुन्हा उतरवा, पुन्हा बघा. सुरुवातीला ठिपके तीन-चार आणि मोठे असतील. जसजसं लोखंड खाली जाईल तसतसे ते लहान आणि जास्त होत जातील, एखाद्या अंड्यावरच्या ठिपक्यांसारखे. माझ्या तिसऱ्या दस्त्यात मी ऐंशीच्या वर वेळा अ‍ॅक्शन आत-बाहेर केली. तीन रविवार गेले. कंटाळा यायला लागला की त्या दिवशी थांबा. चुकीची ढलपी नेहमी कंटाळलेल्या हातून निघते.

पॉलिश पेपर गोल काठीला गुंडाळून खोबण घासायचा मोह होईल. घासलेली खोबण गुळगुळीत दिसते, पण पेपर उंच-सखल ओळखत नाही आणि वरच्या कडा गोल करतो. काजळाचं काम पूर्ण होईपर्यंत पेपर खोलीबाहेर ठेवा.

सिलिंडरच्या खालच्या बाजूला, पुढून मागेपर्यंत बहुतेक भागभर ठिपके सारखे उमटले आणि बोटाने चारी कोपऱ्यांवर दाबून कुठेही डुगडुगलं नाही की थांबा. सगळीकडे एकसंध काळं यावं हा हट्ट नको.

जिथे टेकू द्यायचं नाही

बसवणी म्हणजे सगळीकडे घट्ट, असं नाही. काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडायच्या.

पहिली, सिलिंडरच्या मागच्या टोकामागे. तिथे जाडसर पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवा. धक्क्यात ते टोक लाकडाला ठोसे मारायला लागलं, तर माउझरच्या शेपटीचं जे होतं तेच मनगटापाशी होतं.

दुसरी, नळी ताणताना जी दांडी खाली-मागे फिरते तिची खाच. ती दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर मोकळी हवी. दांडी वाकून जाते, तिची वाट सरळ असेल असं समजू नका. सगळं जोडून झाल्यावर दांडीला काजळ लावून दोन-चारदा ताणा, घासते तिथे खूण उमटेल. मात्र खाच गरजेपेक्षा रुंद केलीत तर पुढचा भाग दोन पातळ पट्ट्यांचा चिमटा होऊन बसेल आणि स्क्रू आवळताना आत दबेल.

तिसरी, चापाच्या यंत्रणेभोवती. तिला लाकूड कुठेच लागू नये. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड चापाला अडलं तर प्रश्न नेमबाजीचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. इथे मी सरळ एक-दीड मिलिमीटर मोकळीक देतो.

स्क्रू

गार्डचा स्क्रू आवळला की गार्ड आणि अ‍ॅक्शन यांच्यामधलं लाकूड चेपतं. वर्षभरात ते आणखी दबतं आणि स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतो. उपाय जुना आणि पक्का आहे : स्क्रूच्या भोवती लाकडात पितळी नळीचा तुकडा बसवा. त्याचं वरचं टोक अ‍ॅक्शनला आणि खालचं गार्डला टेकेल, इतक्या नेमक्या लांबीचा. मग लोखंड लोखंडावर आवळलं जातं आणि लाकूड फक्त धरून ठेवतं. नळीचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, म्हणजे स्क्रू तिच्या अंगाला घासणार नाही.

पुढच्या बाजूच्या स्क्रूंची भोकं सर्वांत शेवटी, अ‍ॅक्शन पूर्ण खाली बसल्यावर. भोकाचं केंद्र शोधण्यासाठी एका जुन्या स्क्रूला टोक काढून तो पाख्यात आतून बाहेरच्या बाजूस थोडा डोकावेल असा बसवा, अ‍ॅक्शन उतरवा, हलका टोला द्या. लाकडात आतून नेमकी खूण उमटते. तिथून बारीक भोक, मग पूर्ण मापाचं. डोक्याखाली वाटीसारखे वॉशर घाला, नुसत्या स्क्रूचं डोकं लाकडात रुतत जातं.

एपॉक्सीचा पातळ थर

काजळाने चांगली बसलेली खोबण तशीच ठेवली तरी चालते, आणि माझा तिसरा दस्ता तसाच आहे. पण पहिल्याच प्रयत्नात दोन-चार जागी जास्तीचं लाकूड निघतंच. त्या जागा एपॉक्सीने भरता येतात. हे अपयश नाही, कसलेले कारागीरही मुद्दाम करतात.

सावकाश घट्ट होणारं, चोवीस तासांचं एपॉक्सी घ्या. पाच मिनिटांचं नको. तुम्ही अ‍ॅक्शन सरळ करेपर्यंत ते दगड होतं. सिलिंडरच्या मागच्या भागाखाली आणि पुढच्या पाख्यांच्या आधी, अशा दोन जागी बोटभर लांबीत लाकूड एक मिलिमीटर खोल करा. सागवान असेल तर अ‍ॅसिटोनने पुसा.

मग लोखंडावर रंगहीन बूट पॉलिशचे तीन थर द्या, प्रत्येक थर वाळवून चकचकीत करून. प्रत्येक भोक, फट, आटा आणि चापाच्या यंत्रणेचं प्रत्येक तोंड मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिसिनने बुजवा. मागच्या टोकाला टेपचे दोन थर लावा, म्हणजे तिथली फट शाबूत राहील. एक विसरलेलं भोक पुरेसं असतं. एपॉक्सी आत जाऊन घट्ट झालं की लोखंड आणि लाकूड कायमचे एक होतात, आणि मग दस्ता फोडण्यावाचून मार्ग उरत नाही.

एपॉक्सी लावा, अ‍ॅक्शन उतरवा, स्क्रू फक्त बोटांच्या ताकदीने फिरवा. जोराने आवळलंत तर दस्ता वाकलेल्या अवस्थेत साचा धरेल. वर आलेलं एपॉक्सी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून, नळी धरून सरळ वर ओढा. 'टक्' असा आवाज करून अ‍ॅक्शन सुटते, आणि आत लोखंडाचा हुबेहूब ठसा दिसतो.

बाहेरचं काम आणि तेल

बाहेरचा आकार जुना दस्ता समोर ठेवून कापा. मरफा (जाड दातांची कानस), साधी कानस, मग पॉलिश पेपर १२० पासून ३२० पर्यंत. हात जिथे लागतो तिथे तुमच्या तळव्याला काय बरं वाटतं, एवढंच बघा.

तेलासाठी रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल घ्या. हातानेच चोळून, अर्ध्या तासाने पुसून, रोज एक याप्रमाणे आठ-दहा थर. खोबणीत आत, भोकांत, खांद्याच्या प्लेटखालच्या उघड्या टोकावरही तेल गेलंच पाहिजे. बाहेरून चकाकणारा आणि आतून कोरडा दस्ता पावसाळ्यात आतून पाणी पितो. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या : जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकते. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच फेका.

ऑलिम्पिकच्या पातळीवरच्या रायफलींमध्ये आता अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, त्या स्पर्धेत लाकूड शोधावं लागतं. धातू पावसात फुगत नाही, हे त्यामागचं एक साधं कारण. लाकडाने ती बरोबरी करायची तर आतून-बाहेरून नीट तेल पाजणं एवढंच आपल्या हातात आहे.

तपासणी

रायफल रिकामी, न ताणलेली. सगळे स्क्रू आवळून ती उभी धरा. एका हाताचं बोट लाकूड आणि सिलिंडर यांच्या सांध्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने गार्डचा पुढचा स्क्रू सैल-घट्ट करा. बोटाला काहीच जाणवलं नाही तर बसवणी निर्मळ आहे. लोखंड किंचित वर उचललं गेल्यासारखं वाटलं, तर ते कुठेतरी ताणात बसलंय. काजळ घेऊन परत आत बघा. हीच परीक्षा बाजूच्या स्क्रूंवरही करा, पण तिथे एकदा डावा थोडा, एकदा उजवा थोडा असं आवळत जा. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला तर पुढचा भाग एका बाजूला ओढला जातो.

मग मैदानावर. मागे छर्रे थांबवणारी भक्कम आड असलेल्या लक्ष्यावर, पक्ष्यांवर कधीच नाही. नवा दस्ता आहे, पहिले वीस छर्रे नुसते सोडून द्या. थांबून स्क्रू बघा. मग पाच-पाचचे चार कागद मारा आणि प्रत्येकावर क्रमांक टाका. पहिला कागद चांगला आणि चौथा पसरलेला असेल तर स्क्रू सैल होताहेत. साध्या स्क्रू ड्रायव्हरने सुटू शकेल असं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर आट्यांवर एक थेंब लावा. चारही सारखेच पसरलेले असतील तर दोष दुसरीकडे आहे, बहुधा छर्ऱ्यात किंवा आपल्या धरण्यात.

शंभर छर्ऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा तपासा. त्यानंतर वर्षातून दोनदा, मृग लागल्यावर आणि दिवाळीच्या सुमारास.